कर्ज फिटलं त्या संध्याकाळी

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझं वय ४३. नोकरी चांगली आहे, मुलगी हुशार आहे, आईवडील हिंडतेफिरते आहेत. गेल्या वर्षी घराचं कर्ज मुदतीच्या सहा वर्षं आधी फिटलं. बँकेतून कागद घेऊन घरी आलो आणि काहीच वाटलं नाही. तेव्हापासून सुखाबद्दल मिळेल ते वाचतोय. कोणी म्हणतं सुख मानण्यावर असतं, कोणी म्हणतं हातात नाही ते सोडून द्या. तत्त्वज्ञ नेमकं काय म्हणतात? शहाणपणाचा आणि सुखाचा काही संबंध आहे का? एका जिवलग मित्राशी हे बोललो असतो, पण तो याच शहरात असून चार वर्षांत भेट नाही."

मी एकतीस वर्षं महाविद्यालयात नीतिशास्त्र शिकवलं. हा प्रश्न वर्गात क्वचित यायचा, कारण वीस वर्षांच्या मुलांची कर्जं फिटायची असतात. तो यायचा माजी विद्यार्थ्यांकडून, पंधरा-वीस वर्षांनी. त्यामुळे तुमचं ते "काहीच वाटलं नाही" मला अनोळखी नाही. आधी एक सांगतो. हे न वाटणं जर सगळ्याच गोष्टींत पसरलं असेल, झोप-भूक गेली असेल, आठवडेच्या आठवडे तसेच जात असतील, तर ॲरिस्टॉटलच्या आधी डॉक्टरांकडे जा. तत्त्वज्ञान हे औषध नव्हे आणि औषधाच्या जागी ते वापरू नये. तसं नसेल, प्रश्न त्या संध्याकाळचाच असेल, तर पुढचं वाचा.

जॉन स्टुअर्ट मिल नावाच्या वीस वर्षांच्या मुलाला १८२६ साली अगदी हाच अनुभव आला. वडिलांनी त्याला तिसऱ्या वर्षापासून ग्रीक शिकवलं होतं आणि एकाच ध्येयासाठी वाढवलं होतं: कायदे, संस्था, लोकमत असं बदलायचं की जास्तीत जास्त माणसांच्या वाट्याला जास्तीत जास्त सुख यावं. एके दिवशी त्यानं स्वतःला विचारलं, जे जे बदलायचं आहे ते सगळं या क्षणी बदललं, तर मला आनंद होईल का? आतून स्पष्ट उत्तर आलं, नाही. ज्या खांबावर सगळं आयुष्य उभं होतं तो खांबच कोसळला. तुमचा बँकेचा कागद आणि त्याचा तो प्रश्न एकच आहेत. फरक इतकाच की त्यानं ध्येय गाठल्याची नुसती कल्पना केली आणि तुम्ही ते प्रत्यक्ष गाठलंत.

मिल त्यातून हळूहळू बाहेर आला. वर्ड्‌स्वर्थच्या कवितेनं त्याला हात दिला, असं त्यानं आत्मचरित्रात लिहून ठेवलं आहे. पण त्याहून महत्त्वाचा त्यानं काढलेला निष्कर्ष आहे. सुखाचा तत्त्वज्ञ म्हणून जो पुढे जगप्रसिद्ध झाला, तोच सांगतो की ज्यांचं चित्त स्वतःच्या सुखाखेरीज दुसऱ्या कशात तरी गुंतलेलं असतं, दुसऱ्यांच्या भल्यात, एखाद्या कलेत, एखाद्या कामात, तेच सुखी होतात. सुख वाटेत भेटतं. आपण सुखी आहोत का, असं थांबून विचारलं की ते निसटतं. तुम्ही वर्षभर सुखाबद्दल वाचत आहात. त्या वाचनानं मन निवलं नाही, याचं एक कारण बहुधा हेच.

पण "सुखामागे लागू नका" एवढंच सांगून मी तुम्हाला सोडणार नाही. मग कशामागे लागायचं, हा प्रश्न उरतोच. त्याच्यासाठी मी माझ्या विद्यार्थ्यांना सुमारे तेवीसशे वर्षं मागे नेत असे.

ग्रीकांचा शब्द होता 'युडायमोनिया'. त्याचं भाषांतर आपण 'सुख' असं करतो आणि तिथेच घोटाळा होतो. आपलं 'सुख' वाटतं, लागतं, होतं. गादीवर पडल्यावरही सुख वाटतं. ग्रीक शब्द मात्र एका क्षणाला लावताच येत नाही. ॲरिस्टॉटल तर म्हणतो की लहान मुलालाही तो शब्द लागू पडत नाही. मूल हसतंखेळतं आहे हे खरं, पण त्याचं आयुष्य कसं चाललं आहे हे सांगण्याइतकं ते अजून जगलेलंच नाही. एका पाकोळीनं वसंत येत नाही, तसा एका दिवसानं माणूस या अर्थानं सुखी होत नाही, हे त्याचंच वाक्य. म्हणजे तुम्ही त्या संध्याकाळी स्वतःला जो प्रश्न विचारलात, 'मला काय वाटतंय?', तो त्याचा प्रश्नच नव्हता. त्याचा प्रश्न होता, 'हे जगणं नीट चाललं आहे का?' आपल्याकडे जुनी माणसं एखाद्याबद्दल "त्याच्या जिण्याचं सोनं झालं" म्हणतात. माझ्या मते युडायमोनियाच्या सगळ्यात जवळ जाणारं मराठी तेच आहे.

ॲरिस्टॉटलचं हे सगळं विवेचन 'निकोमाखियन एथिक्स' या ग्रंथात आहे. तो इसवी सनापूर्वी ३८४ मध्ये जन्मला, वैद्याचा मुलगा. सूत्रं रचण्यापेक्षा समोरचा रोगी बघण्याची वैद्याची दृष्टी त्याच्या लिखाणात पानोपानी दिसते, असं मला नेहमी वाटत आलं आहे. सुरुवातीलाच तो बजावतो की प्रत्येक विषयात त्या विषयाला झेपेल तेवढाच काटेकोरपणा मागावा. गणितज्ञाकडून 'बहुधा' ऐकून घेऊ नये आणि नीतीच्या विषयात सिद्धता मागू नये.

मग तो लोकांना जे चांगलं आयुष्य वाटतं ते एकेक तपासतो. मौज, मानमरातब, पैसा. पैशाला तो दोन ओळींत बाजूला करतो: पैसा दुसऱ्या कशासाठी तरी असतो, म्हणून आपण शोधतो ते अंतिम चांगलं तो असूच शकत नाही. कर्जफेडही तशीच आहे. तुम्ही कशापासून तरी मोकळे झालात. कशासाठी मोकळे झालात, हा रकाना रिकामा होता, म्हणून काही वाटलं नाही. तुमच्यात काही बिघाड आहे म्हणून नव्हे. मला तर ते न वाटणं फार प्रामाणिक वाटतं.

त्याचं स्वतःचं उत्तर असं, की सुख म्हणजे मिळवून ठेवलेली वस्तू नाही, ते करत राहण्याचं काम आहे. बासरीवाल्याचं चांगलेपण बासरी वाजवण्यात असतं, तसं माणसाचं चांगलेपण माणूस म्हणून जे करायचं ते उत्तम करत राहण्यात. ऑलिंपिकचा दाखला तो देतो: मुकुट सगळ्यात देखण्या किंवा सगळ्यात बलवान माणसाला मिळत नाही, जो मैदानात उतरतो त्याला मिळतो. अंगी गुण असून माणूस आयुष्यभर झोपून राहिला, तर त्याला कोणी सुखी म्हणणार नाही. आणि आनंदाचं काय? तो कामाच्या पाठोपाठ येतो, तरुण अंगावर तेज यावं तसा. तेज आणायचं म्हणून कोणी तरुण होत नाही.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, शहाणपणाकडे. माझ्या दृष्टीनं खरा गाभा इथे आहे आणि बाजारातल्या सुखाच्या पुस्तकांत नेमका हाच भाग गाळलेला असतो.

ॲरिस्टॉटल दोन प्रकारचं शहाणपण मानतो. एक, जगाच्या मूलतत्त्वांचं ज्ञान. थेलीस, ॲनॅक्सागोरस या जुन्या ग्रीक तत्त्वज्ञांकडे ते होतं, पण स्वतःच्या हिताचं त्यांना कळत नव्हतं असं लोक म्हणत, हे तो नोंदवतो. दुसरं, जगताना लागणारं शहाणपण, ज्याला तो 'फ्रोनेसिस' म्हणतो. आमच्या पाठ्यपुस्तकांत त्याला 'व्यावहारिक प्रज्ञा' म्हणत. तो शब्द मी काही वर्षं वापरला आणि मग सोडून दिला, कारण आपल्याकडे याहून नेमका शब्द घराघरांत आहे: तारतम्य. संस्कृतात तुलना करताना लागणारे 'तर' आणि 'तम' हे दोन प्रत्यय, त्यांच्यापासून हा शब्द झाला. कमी-जास्त ओळखण्याची नजर. ॲरिस्टॉटल म्हणतो, रागावणं कोणालाही जमतं, पैसे देणंही जमतं. पण योग्य माणसावर, योग्य तेवढं, योग्य वेळी, योग्य कारणासाठी आणि योग्य रीतीनं, हे सोपं नाही. 'तारतम्य नाही' असं आपण एखाद्याबद्दल म्हणतो तेव्हा त्याच्याकडे यातलंच काहीतरी नसतं. तो हुशार असू शकतो, सज्जनही असू शकतो.

हे शहाणपण नियमांत का मावत नाही, यासाठी त्याची एक उपमा मी दर वर्षी फळ्यावर काढत असे. लेस्बॉस बेटावरचे गवंडी शिशाची पट्टी वापरत. लोखंडी पट्टी दगडाला आपल्यासारखं सरळ व्हायला सांगते. शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते आणि तरीही माप देते. प्रसंग ओळखून निर्णय घेणाऱ्याचं मन असं असतं. वाकतं, पण माप सोडत नाही. आणि म्हणूनच, तो म्हणतो, तरुण मुलं गणितात निष्णात होतात, पण तारतम्य त्यांच्याकडे असल्याचं दिसत नाही. ते तपशिलांच्या ओळखीतून येतं आणि तपशिलांची ओळख व्हायला वर्षं लागतात.

माझी आई चौथी शिकलेली. आमच्या आळीत कोणाकडे मयत झालं की त्या घरी चूल पेटत नसे, शेजारपाजारचे पिठलं-भाकरी नेत. सगळ्याच बायका नेत. पण आई कोणाकडे किती वाजता जायचं, कोणाशेजारी नुसतं बसायचं, कोणाला गेलेल्या माणसाच्या गोष्टी सांगून रडू द्यायचं आणि कोणाच्या हातात मुद्दाम निवडायला तांदळाचं सूप द्यायचं, हे न विचारता ओळखत असे. तिला याचा नियम विचारला असता तर सांगता आला नसता. फ्रोनेसिसवरचं सहावं प्रकरण शिकवताना माझ्या डोळ्यांसमोर अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस येत नसे, जो ॲरिस्टॉटलचं उदाहरण आहे. आईच येत असे.

तर संबंध असा आहे. सुख जर करत राहण्याचं काम असेल, तर ते नीट करायला हीच नजर लागते. धैर्य कुठे संपतं आणि आडदांडपणा कुठे सुरू होतो, मुलीला कधी सावरायचं आणि कधी पडू द्यायचं, नोकरीला किती द्यायचं. ही नजर पुस्तक वाचून येत नाही, हे मी पुस्तकं शिकवूनच पोट भरलेला माणूस सांगतो आहे. न्याय्य कृत्यं करत माणूस न्यायी होतो, घरं बांधत गवंडी होतो.

स्टोइकांबद्दल तुम्ही विचारलंत, म्हणजे 'हातात नाही ते सोडून द्या' म्हणणाऱ्या जुन्या ग्रीक-रोमन तत्त्वज्ञांच्या पंथाबद्दल. त्यांच्याबद्दल मला आदर आहे आणि एक तक्रारही आहे. एपिक्टेटस गुलाम होता, मार्कस ऑरेलियस रोमचा सम्राट. दोघांना एकच तत्त्वज्ञान पुरलं, ही काही लहान गोष्ट नाही. जेम्स स्टॉकडेल नावाच्या अमेरिकी वैमानिकाचं विमान सप्टेंबर १९६५ मध्ये व्हिएतनामवर पाडलं गेलं आणि तो सात वर्षांहून जास्त काळ युद्धकैदी होता. छळ, एकांतवास, बेड्या. विद्यापीठात वाचलेल्या एपिक्टेटसनं आपल्याला तारलं, असं त्यानं पुढे लिहिलं. संकटात, आजारपणात, कोणी गेल्यावर स्टोइकांसारखा सोबती नाही.

तक्रार अशी, की आज त्यांच्या नावावर जे विकलं जातं त्यात 'हातात नाही' हे वाक्य फार लवकर उच्चारलं जातं. नातं दुरावलं, हातात नाही. ऑफिसात अन्याय होतो, हातात नाही. जुने स्टोइक असं म्हणत नसत. त्यांचा दाखला तिरंदाजाचा आहे: बाण कुठे लागेल ते वाऱ्यावरही अवलंबून असतं, पण नेम धरणं, दोरी ताणणं, नीट सोडणं हे सगळं तुमचं. म्हणजे जबाबदारी आधी पुरी करायची आणि मग फळ सोडायचं. गीता लहानपणापासून कानावर पडलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल.

आणि एका ठिकाणी मी स्टोइकांच्या विरुद्ध ॲरिस्टॉटलच्या बाजूनं उभा आहे. स्टोइक म्हणतात, सद्गुण असला की बस, बाकी काही गेलं तरी सुख जात नाही. ॲरिस्टॉटल ट्रॉयच्या प्रायमची आठवण करून देतो: आयुष्यभर राजा, आणि म्हातारपणी मुलं मेलेली, नगर जळालेलं. अशा माणसाला सुखी म्हणणं हे हट्टापायी बोलणं आहे. आरोग्य, थोडा पैसा, मुलंबाळं, मित्र, नशीब, या सगळ्यांचा वाटा तो मान्य करतो. तरीही तो माणसाला नशिबाच्या हवाली करत नाही. चांगला चांभार मिळेल त्या चामड्यातून होईल तितका उत्तम जोडा शिवतो, तसा चांगला माणूस वाट्याला आलेल्या परिस्थितीतून होईल तितकं चांगलं करतो. प्रायमही दुःखी झाला तरी हलकट होणार नाही. दुःखाला दुःख म्हणायची मुभा देणारं तत्त्वज्ञान मला जास्त माणसाचं वाटतं. "सुख मानण्यावर असतं" हे वाक्य दुष्काळात पीक गेलेल्या माणसासमोर उच्चारून बघा, जीभ रेटत नाही.

एपिक्युरस या आणखी एका ग्रीक तत्त्वज्ञावर फार अन्याय झाला आहे. खा-प्या-मजा करा असं त्याच्या नावावर सांगतात. इसवी सनापूर्वी ३०६ च्या सुमारास त्यानं अथेन्समध्ये एक बाग घेतली, तिथे मित्रांसह राहिला, स्त्रिया आणि गुलाम यांनाही त्या मंडळात जागा होती. खाणं साधं. एकदा त्यानं मित्राला लिहिलं की थोडं चीज पाठव, म्हणजे मनात येईल तेव्हा मेजवानी करता येईल. इच्छांचे त्यानं तीन गट केले: नैसर्गिक आणि आवश्यक, नैसर्गिक पण अनावश्यक, आणि दोन्ही नसलेल्या, म्हणजे कीर्ती, सत्ता, पुतळे. पहिल्या गटाला मर्यादा असते, भूक भागते. तिसऱ्या गटाला तळ नसतो. तुमचं कर्ज फिटलं आहे, म्हणजे आता नवं कर्ज द्यायला लोक तुमच्या दारात येतील. त्या वेळी हे तीन गट आठवा. मोठं घर कोणत्या गटातलं, ते तुम्हीच ठरवायचं आहे.

मराठीत हा सगळा वाद नव्यानं आलेला नाही. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात १९१०-११ च्या हिवाळ्यात गीतारहस्य लिहिलं. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली 'आधिभौतिक सुखवाद' आणि 'सुखदुःखविवेक' ही दोन प्रकरणं तुम्ही जरूर वाचा. गीतेवरचा ग्रंथ म्हणून लोक ते भक्तिभावानं कपाटात ठेवतात. प्रत्यक्षात तिथे एक कैदी बेंथम आणि मिल या इंग्रज सुखवाद्यांशी मुद्द्याला मुद्दा भिडवत बसला आहे. मला त्यातली एक गोष्ट विशेष मोलाची वाटते. संतोष हेच परम सुख, असं म्हणून टिळक मोकळे होत नाहीत. असंतोष हे ऐश्वर्याचं मूळ आहे, हे महाभारतातलं वचन ते पुढे ठेवतात आणि कोणता असंतोष ठेवायचा, कोणता टाकायचा, हा विवेक करायला लावतात. तुमची हुरहुर झटकून टाकावी असं मलाही वाटत नाही. कठोपनिषदातल्या नचिकेताला यम हत्ती, घोडे, सोनं, दीर्घायुष्य देऊ करतो आणि तो मुलगा म्हणतो, माणूस वित्तानं तृप्त होत नाही. प्रेय, म्हणजे आवडणारं, समोर वाढलेलं असताना श्रेय, म्हणजे भल्याचं, मागणारी जी अस्वस्थता आहे, तिच्या जातीची तुमची ती संध्याकाळ आहे.

ॲरिस्टॉटलचे दोष मी विद्यार्थ्यांपासून कधी लपवले नाहीत. गुलामगिरी त्याला नैसर्गिक वाटत होती, स्त्रियांचा विवेक त्याला दुय्यम वाटत होता. त्याचं चांगलं आयुष्य ज्या फुरसतीवर उभं आहे, ती फुरसत दुसऱ्यांच्या घामातून आलेली होती. शिवाय नऊ प्रकरणं माणसांमध्ये राहून जगण्याबद्दल बोलल्यावर दहाव्यात तो अचानक चिंतनाचं आयुष्य सर्वश्रेष्ठ ठरवतो. अभ्यासक आजही त्यावर भांडतात. मला तो शेवट पटत नाही. माझ्या आईचं आयुष्य दुसऱ्या क्रमांकाचं होतं, असं मानायला मी तयार नाही.

आता काय करायचं. त्या ग्रंथाच्या पहिल्या प्रकरणातलं कार्याचं आणि नशिबाचं विवेचन वाचा, मग सहावं प्रकरण, आणि मग सरळ आठवं आणि नववं. दहापैकी ही पूर्ण दोन प्रकरणं त्यानं मैत्रीला दिली आहेत. न्यायाला एकच आहे. उपयोगाची मैत्री, मौजेची मैत्री आणि माणूस म्हणून असलेली मैत्री, असे तीन प्रकार तो करतो. दुसरी सगळी सुखं असली तरी मित्रांवाचून जगणं कोणी निवडणार नाही, असं लिहितो. त्यातच तो दोन जुन्या म्हणी देतो. एक, एकत्र बसून पुरेसं मीठ खाल्ल्याखेरीज माणसं एकमेकांना ओळखत नाहीत. दुसरी, बोलणं बंद पडल्यानं कितीतरी मैत्र्या तुटल्या.

तुम्ही प्रश्नाच्या शेवटच्या ओळीत जे जाता जाता लिहिलंत, ते मी तुमच्या प्रश्नाचं पहिलं वाक्य समजतो. चार वर्षांत भेट नाही, आणि कर्ज फिटल्याचं ज्याला सांगायचं होतं तो माणूस तोच होता. हे नक्कीच हातातलं आहे. ग्रंथ मागवा, तो यायला आठवडा लागेल. मित्राला या रविवारी जेवायला बोलवा. फोनवर कारण काही सांगू नका, आला की त्या संध्याकाळचं सांगा.